स्पोर्ट्स कार लांबून मागवताय? आधी विचारा, ती उतरणार कुठे

सगळ्यात आधी एक सांगतो, रेट विचारू नका. म्हणजे विचाराल, सगळेच विचारतात, मीपण विचारला, पण पहिला प्रश्न तो नको. पहिला प्रश्न हा की भाऊ, माझी गाडी तुमच्या ट्रकवरून खाली उतरणार कुठे आणि तिथून माझ्या दारापर्यंत तिला आणणार कोण? यावर समोरचा अडखळला तर फोन ठेवून द्या, पुढचं बोलायची गरजच नाही.

हे शहाणपण मला फुकट नाही मिळालं, माझ्या धाकट्या मामाच्या खर्चानं मिळालं. मामा धुळ्याचे, त्यांनी दिल्लीहून एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली (दिल्लीत तेव्हा १५ वर्षांच्या पेट्रोल गाडीला रस्त्यावर बंदी होती, म्हणून त्या वयाच्या जवळ आलेल्या गाड्या तिथून स्वस्तात निघायच्या) आणि सगळ्यात कमी रेटवाल्याला दिली. रेट होता "धुळे डोअर डिलिव्हरी". प्रत्यक्षात त्या ट्रेलरचा धुळ्यात काही अड्डाच नव्हता, त्याला पुढे दुसरीकडे जायचं होतं, मग त्यांनी गाडी इंदूरला उतरवली आणि एक पोरगा ती चालवत सेंधवा, पळासनेर, शिरपूर करत धुळ्याला घेऊन आला. मीटरवर पावणेतीनशे किलोमीटर वाढलेले, पुढच्या बंपरची खालची ओठी फाटून लोंबतेय आणि सीटवर गुटख्याचा डाग. पोरगा म्हणे "गाडी मस्त पळते शेठ". मामा दोन दिवस जेवले नाहीत नीट.

तर आपल्या खान्देशची हीच गोम आहे. मोठ्या कंपन्यांचे अड्डे पुणे, नाशिक, इंदूर, सुरत, नागपूर असे असतात. आपण मधे. फोनवर सगळे म्हणतात जळगाव होऊन जाईल, नंदुरबार होऊन जाईल, चाळीसगाव तर वाटेवरच आहे सर. पण वाटेवर असणं वेगळं आणि तिथे गाडी उतरवणं वेगळं. आठ गाड्यांचा कॅरिअर एका गाडीसाठी हायवे सोडून तुमच्या गावात शिरत नाही, तो कुठेतरी पेट्रोल पंपावर किंवा ढाब्यावर थांबतो आणि तुमची गाडी तिथून कोणीतरी चालवत आणतो. स्विफ्ट असेल तर चालून जातं. जमिनीपासून चार बोटांवर असलेली, तीस लाखाची, रिअर व्हील ड्राइव्ह गाडी अनोळखी पोराच्या हातात घाटातून उतरवायची म्हणजे देवावर हवाला.

माझं गाव चाळीसगाव, गाडी बंगळुरूहून आणायची होती. बीएमडब्ल्यू झेड फोर, २०१२ ची, छप्पर दुमडणारी. बंगळुरू ते इथवर हजार-अकराशे किलोमीटर. सहा जणांना फोन केले, रेट आले १८ हजारापासून ६२ हजारापर्यंत. एवढा फरक बघून आधी वाटलं ६२ वाला लुटतोय. मग एकेकाला रूट विचारायला लागलो आणि गंमत कळली.

१८ हजारवाला म्हणाला सोलापूर, बीड, संभाजीनगर आणि मग कन्नड घाटातून थेट चाळीसगाव, सरळ हायवे आहे सर. आता आपल्याकडच्या शेंबड्या पोरालापण माहितीय की कन्नड घाटात, म्हणजे औट्रम घाटात, जड वाहनांना ऑगस्ट २०२३ पासून बंदी आहे, औरंगाबाद खंडपीठाचा आदेश आहे तसा. मी म्हटलं भाऊ ट्रेलर घाटातून येणार कसा? तर म्हणे ट्रेलर नाही येणार सर, आमचा ड्रायव्हर संभाजीनगरहून गाडी चालवत आणेल, नव्वद किलोमीटर तर आहे. म्हणजे मामाचीच कहाणी, फक्त घाट बदलला.

६२ हजारवाल्याला तेच विचारलं. तो म्हणाला, "घाट बंद आहे ना साहेब, आम्ही पुणे-नाशिककडून मालेगावला येतो, मालेगावला आमचा छोटा फ्लॅटबेड ट्रक गाडी घेईल आणि चाळीसगावला आणेल, तुमच्या गल्लीत फ्लॅटबेड वळेल का ते फोटो पाठवा." गल्लीचा फोटो मागणारा माणूस! मी तिथेच अर्धा पटलो. तुम्हीपण हीच परीक्षा घ्या, आपल्या भागातला एखादा अवघड रस्ता विचारा. सुरतेकडून गाडी येत असेल तर कोंडाईबारी घाटाचं विचारा, इंदूरकडून येत असेल तर सेंधव्याच्या खालचा बिजासन घाट विचारा. ज्याला रस्ता माहिती तो लगेच दोन गोष्टी सांगतो, ज्याला नाही तो म्हणतो "टेन्शन मत लो सर".

आता गाडी कशात येणार ते बघू. साधारण तीन प्रकार आहेत. एक तो लांबलचक कॅरिअर, जाळीचा किंवा पत्र्याचा, खाली-वर मिळून सहा-आठ गाड्या. स्वस्त पडतो, पण स्पोर्ट्स कारसाठी त्यात दोन्हीकडून मार आहे, खालच्या मजल्यावर ठेवली तर वरच्या गाडीचं ऑइल टपकतं, वरच्या मजल्यावर न्यायची तर चढ इतका उभा की नाक आधी घासतं. दुसरा, उघडा फ्लॅटबेड, एकच गाडी, मागचा भाग तिरका होऊन जमिनीला टेकतो. चढवा-उतरवायला सगळ्यात सोपा हाच, पण हजार किलोमीटर उघड्यावर धूळ, खडी, पाऊस सगळं अंगावर. तिसरा, बंद कंटेनर, एक किंवा दोन गाड्यांचा. महाग. पण लांबच्या प्रवासाला माझ्या मते हाच, आणि शेवटच्या टप्प्याला फ्लॅटबेड.

मधे आमच्या एका भाऊबंदानं चौथा प्रकार सुचवला होता. म्हणे रावेर-यावलहून केळीचे ट्रक उत्तरेत जातात, येताना कधी रिकामे मिळतात, दिल्लीची गाडी असती तर त्यात टाकून आणली असती, पाच-सात हजारात काम. आयडिया ऐकायला भारी आहे. पण त्या ट्रकला गाडी बांधायचे हुक नाहीत, चढवायला रॅम्प नाही आणि ड्रायव्हरनं आयुष्यभर केळी उतरवलेत. केळीच्या घडाला डाग पडला तर भाव पडतो, गाडीला पडला तर काय होईल हे त्याला कोण समजावणार.

बंद कंटेनर म्हटलं की काम झालं असंही नाही. रॅम्प किती लांब ते विचारायचंच. इथे थोडं गणित आहे पण सोपं आहे, टेप घ्या आणि गाडीपाशी बसा. पुढचं चाक जमिनीला जिथे टेकतं तिथून बंपरच्या ओठीच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर मोजा, आणि त्या टोकाची जमिनीपासूनची उंची मोजा. माझ्या गाडीचं आलं ७५ सेंटिमीटर आणि १४ सेंटिमीटर. ७५ भागिले १४ म्हणजे साडेपाचच्या आतबाहेर. याचा अर्थ दर एक मीटर उंचीला कमीत कमी साडेपाच मीटर लांब रॅम्प पाहिजे, नाहीतर नाक टेकलंच समजा. ट्रकचा फाळका, म्हणजे गाडी उभी राहते तो तळ, साधारण कंबरेएवढा, म्हणजे मीटरभर तरी उंच असतो. आणि बहुतेकांकडे फळ्या असतात तीन मीटरच्या! तीन मीटरच्या फळीवर मीटरभर चढायचं म्हणजे एकोणीस अंशाचा चढ, त्यावर इनोव्हा चढेल, झेड फोर नाही. ज्याच्याकडे लांब रॅम्प नाही तो म्हणतो खाली लाकडाचे ठोकळे लावू, आणि खरंय, ठोकळ्यांनी रॅम्पच्या सुरुवातीचा कोन कमी होतो, पण मग वरच्या टोकाला, जिथे फळी संपून फाळका सुरू होतो तिथे गाडीचं पोट टेकतं, त्याचं काय? ते विचारा. हायड्रॉलिक लिफ्टवाला कंटेनर मिळाला तर ही सगळी कटकटच नाही, गाडी सपाट चढते आणि सपाट उतरते. विचारताना "तुमच्याकडे व्यवस्था आहे का" असं नका विचारू, हो म्हणतील. ट्रकचा फोटो आणि रॅम्पचा व्हिडिओ मागा, शक्यतो त्यावरून एखादी बुटकी गाडी चढतानाचा.

बांधणार कसं हेपण त्यातच विचारून घ्या. पट्टा टायरच्या वरून गेला पाहिजे, चाक फाळक्याला धरून ठेवेल असा. अलॉय व्हीलच्या आऱ्यांतून पट्टा घातला तर अलॉय घासतं, आणि सस्पेन्शनला साखळी लावून कचकचून ओढणारे महाभाग पण आहेत, त्यांच्यापासून लांब.

आता माणूस कोण आहे ते. नेटवर जी दहा नावं दिसतात त्यातली बरीच कंपनीच नसतात, दलाल असतात. दलाल वाईट असं नाही म्हणत, आपली अर्धी ट्रान्सपोर्ट लाइन दलालांवर चालते, पण मग बिल्टी (माल घेतल्याची पावती) कोणाच्या नावाची, ट्रक कोणाचा, नुकसान झालं तर कोणाचं मनगट धरायचं हे आधी कळायला हवं. शिवाय मोठ्या नावाजलेल्या कंपनीच्या नावाला एक अक्षर जोडून बसलेले खूप आहेत, लोगोपण तसाच. यांची पद्धत ठरलेली, रेट पाडून सांगायचा, गाडी ताब्यात घ्यायची, आणि अर्ध्या वाटेत फोन, सर इन्शुरन्सचे नऊ हजार टाका, टॅक्सचे सहा हजार टाका, नाहीतर गाडी गोडाऊनला लागेल आणि रोजचं भाडं चढेल. गाडी त्यांच्याकडे, तुम्ही काय करणार.

म्हणून चार गोष्टी तपासा. जीएसटी नंबर मागा आणि जीएसटीच्या साइटवर टाकून बघा, नाव तेच येतंय का आणि चालू आहे का. माल वाहणाऱ्या कंपनीला २००७ च्या कॅरेज बाय रोड कायद्याखाली कॉमन कॅरिअर म्हणून नोंदणी लागते, त्या सर्टिफिकेटचा फोटो मागा, खरा धंदेवाला दोन मिनिटात पाठवतो. ट्रकचा नंबर लोडिंगच्या आधी घ्या आणि एमपरिवहन ॲपवर फिटनेस, इन्शुरन्स बघा. आणि पैसे फर्मच्या नावाच्या करंट अकाउंटला, कोणा पप्पू भैयाच्या यूपीआयला नाही. ॲडव्हान्स थोडा, बाकी गाडी बघून. रेटमध्ये जीएसटी, लोडिंग-अनलोडिंग, तो शेवटचा फ्लॅटबेड आणि उशीर झाला तर हॉल्टिंग, म्हणजे ट्रक थांबल्याचं भाडं, हे सगळं धरून आहे का ते व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, तोंडी नको. आणि वजनदार आवाजात "पूर्ण इन्शुरन्स आहे सर" म्हणाला की तिथे थांबा, कारण इथेच लोक फसतात.

त्या कायद्याच्या नियमांत असं आहे की माल खराब झाला तर ट्रान्सपोर्टवाल्याची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरती. तुम्ही मालाची जास्त किंमत जाहीर करून त्याचं जास्तीचं भाडं ठरवलं असेल तरच त्याच्या वर. हिशोब करा, १८ हजार भाडं म्हणजे जास्तीत जास्त १ लाख ८० हजार. अशा गाडीचे पुढचे दोन दिवे आणि बंपर बदलायला निघालात की तेवढ्यात आटोपतं. म्हणजे स्वस्त भाडं घेतलं की नुसती सेवा नाही, भरपाईची हद्दपण स्वस्त होते, हे कोणी सांगत नाही. बुकिंगच्या कागदावर गाडीची खरी किंमत लिहा, आणि बिल्टीवर "ओनर्स रिस्क" (म्हणजे नुकसान झालं तर मालकाचं) असा शिक्का मारलेला दिसला तर तो खोडून घ्या किंवा दुसरा माणूस बघा.

इन्शुरन्स म्हणतात ना, तर कोणाचा, कोणत्या कंपनीचा, कोणाच्या नावावर? ट्रान्झिट इन्शुरन्स असेल तर तुमचं नाव, गाडीचा नंबर आणि किंमत असलेलं सर्टिफिकेट लोडिंगच्या आधी हातात पाहिजे. बऱ्याचदा ते तीन टक्के कापतात आणि सर्टिफिकेट कधीच देत नाहीत, ते पैसे खिशातच. दुसरं म्हणजे गाडीची स्वतःची फुल पॉलिसी. आपल्याकडच्या पॅकेज पॉलिसीत रस्त्यानं, रेल्वेनं वाहून नेताना झालेलं नुकसान धरलेलं असतं, कागद काढून वाचा, लिहिलेलं दिसेल. पण गोम अशी की जुनी गाडी घेतली आणि पॉलिसी अजून आधीच्या मालकाच्या नावावर असेल, तर थर्ड पार्टी आपोआप तुमच्याकडे येते, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं संरक्षण येत नाही, त्यासाठी १४ दिवसांच्या आत नाव बदलायचा अर्ज करावा लागतो. मी आधी पॉलिसी बदलली, आठ दिवस थांबलो आणि मगच गाडी हलवली. बायको म्हणाली एवढा धीर साखरपुड्यालापण नव्हता धरला.

कागदपत्रांचं थोडक्यात. दुसऱ्या राज्यातून येतेय तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, निघाल्याशिवाय गाडी हलवू नका, नंतर मालक फोन उचलत नाही. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९-३० वर सह्या आधीच घ्या. इकडे आल्यावर १२ महिन्यांत नवा नंबर घ्यावा लागतो, त्याचा टॅक्स किती बसेल ते गाडी घ्यायच्या आधीच आरटीओत विचारलेलं बरं, स्पोर्ट्स कारला तो आकडा चक्कर आणणारा असतो. ई-वे बिलाचं, म्हणजे जीएसटीतल्या मालवाहतुकीच्या कागदाचं, लोक घाबरवतात, तर स्वतःची वापरलेली गाडी ही वापरलेली खासगी वस्तू म्हणून त्यातून सुटलेली आहे, आरसी आणि इन्शुरन्सची कॉपी आणि स्वतःच्या वापरासाठी नेतोय असं सही केलेलं पत्र ट्रकमध्ये ठेवायचं. डीलरकडून बिलावर घेतली असेल तर मात्र ई-वे बिल डीलरनंच काढून द्यावं. ओरिजिनल आरसी ट्रकमधे देऊ नका, कॉपीच.

गाडी ताब्यात देताना तुम्ही किंवा तुमचा विश्वासातला माणूस तिथे असलाच पाहिजे. आदल्या दिवशी गाडी धुवून घ्या, मळक्या गाडीवर ओरखडा दिसत नाही आणि मग तो आधीचाच होता म्हणतात. दिवसाउजेडी फोटो, चारी चाकांचे अलॉय जवळून, बंपरची ओठी खाली आडवं पडून, काच, छप्पर, आणि मीटरचा फोटो तारीख-वेळ दिसेल असा. मीटरचा आकडा बिल्टीवर लिहून घ्या, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण चालवत आणली की नाही त्याचा हाच पुरावा. पेट्रोल पाव टाकी, जास्त नको, नाहीतर कोणाला तरी फेरफटका मारायची इच्छा होते. गाडीत सामान भरू नका, डिकीत चार बॅगा टाकल्या की गाडी अजून खाली बसते आणि सामानाची जबाबदारीपण कोणी घेत नाही.

फास्टॅगचं बऱ्याच जणांना सुचत नाही. उघड्या ट्रकवर तुमची कार चढलेली असली आणि काचेवर टॅग चालू असला तर टोलवर ट्रकबरोबर तुमच्या टॅगचेपण पैसे कटू शकतात. आधीच्या मालकाला तो बंद करायला सांगा, तुम्ही नवा घेणारच आहात.

आणि टो हुक! स्पोर्ट्स कारला पुढे ओढायचा हुक कायमचा नसतो, तो टूलकिटमध्ये सुटा असतो आणि बंपरमधल्या झाकणात फिरवून बसवायचा असतो. तो काढून पुढच्या सीटवर ठेवा आणि ड्रायव्हरला दाखवा. कारण आठ-दहा दिवस उभी राहिली की अशा गाड्यांची बॅटरी उतरते, मग गिअर पार्किंगमध्ये अडकतो, हँडब्रेक इलेक्ट्रिक असतो तोही सुटत नाही, आणि मग ती मंडळी हाताला येईल तिथे दोर बांधून ओढतात. ज्यांची बॅटरी डिकीत आहे आणि डिकी बटणावर उघडते त्यांनी तर बॅटरी उतरल्यावर डिकी किल्लीनं कशी उघडायची ते आधीच बघून ठेवा. किल्ली एकच द्या, दुसरी स्वतःकडे.

माझी गाडी नवव्या दिवशी आली. मालेगावहून फ्लॅटबेडवर, ताडपत्री टाकून. गल्लीत फ्लॅटबेड वळणार नव्हता म्हणून आधीच ठरवलं होतं की ओळखीच्या कापसाच्या जिनिंगच्या मोकळ्या आवारात गाडी उतरवायची, तिथली जमीन सपाट आणि काँक्रीटची. काळ्या मातीच्या मोकळ्या प्लॉटवर कधी उतरवू नका, पावसाळ्यात तर अजिबात नाही, चाक रुतलं की संपलं. फ्लॅटबेड तिरका झाला, गाडी हळूहळू खाली येतेय, आणि जिनिंगवरचा म्हातारा वॉचमन जो इतका वेळ बिडी ओढत नुसता बघत होता तो एकदम ओरडला, "थांब रे भो, खाले घासी ऱ्हायनी! मांगे ले, मांगे!" वाकून बघितलं तर ओठी आणि जमिनीत कागद जाईल एवढी फट. गाडी हातभर मागे घेतली, दोन लाकडी फळ्या चाकाखाली सरकवल्या, मग उतरली. ड्रायव्हर भला माणूस होता, पण त्याचं लक्ष आरशात होतं. तेव्हा उतरवताना एक माणूस जमिनीवर वाकून बघायला हवाच, कंपनी कितीही भारी असो.

उतरल्यावर लगेच सही करू नका. ड्रायव्हर घाई करतो, म्हणतो पुढे जायचंय सर, फक्त एक सही. चहा पाजा त्याला, भूक लागली असेल तर शेवभाजी खाऊ घाला, पण तोवर गाडीभोवती फिरा, जुने फोटो समोर धरून एकेक कोपरा ताडून बघा, मीटर बघा. रात्री आली तर सरळ सांगा, सकाळी उजेडात बघून सही करतो. काही दिसलं तर डिलिव्हरीच्या कॉपीवर स्वतःच्या हातानं लिहा, "उजव्या पुढच्या अलॉयला नवा ओरखडा, मीटर १२ किमी जास्त", असं नेमकं, आणि ड्रायव्हरची सही त्याच्या खाली. "ऑल ओके" लिहून सही केली की नंतर भांडायला जागा राहत नाही. भरपाई मागायची तर कंपनीला लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत गेली पाहिजे, डिलिव्हरीच्या नाही, बुकिंगच्या. स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती त्या बिल्टीला टाचणीनं लावून ठेवा.